सिक्वेन्सर थांबतो, तेव्हा व्यवहाराचे काय होते?

५ ऑगस्ट २०२५ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ११ वाजून ३७ मिनिटांनी ‘बेस’ या ब्लॉकचेनवर नवे ब्लॉक तयार होणे अचानक थांबले. कॉइनबेस या अमेरिकी क्रिप्टो बाजारपेठेने उभारलेली ही साखळी एरवी दर २ सेकंदांनी एक ब्लॉक घडवते. त्या दिवशी ३३ मिनिटे एकही ब्लॉक घडला नाही. वापरकर्त्यांनी पाठवलेली रक्कम पोहोचत नव्हती, खरेदी-विक्रीचे आदेश अधांतरी लटकले होते, आणि ज्यांचे तारण संकटात होते त्यांना त्यात भर घालण्याचा नेहमीचा मार्ग बंद झाला होता. विशेष म्हणजे ज्या इथेरियमच्या पायावर बेस उभी आहे, ती मुख्य साखळी या काळात नेहमीप्रमाणे चालू होती.

बिघाडाचे कारण साधे होते. साखळीवर गर्दी वाढल्याने मुख्य सिक्वेन्सर मागे पडला. त्यावर देखरेख ठेवणाऱ्या ‘कंडक्टर’ या प्रणालीने नियमाप्रमाणे सूत्रे दुसऱ्या सिक्वेन्सरकडे सोपवली. परंतु तो अजून उभारणीच्या अवस्थेत होता आणि ब्लॉक तयार करण्यास समर्थ नव्हता. राखीव यंत्रणा होती, ती जागीही झाली, पण तिने निवडलेला वारसदारच अपुरा निघाला. अखेर अभियंत्यांना हस्तक्षेप करावा लागला.

या घटनेने एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आणला. ब्लॉकचेनचा सारा डौल ‘कोणा एकावर विसंबावे लागत नाही’ या वचनावर उभा असतो. मग एक संगणक अडखळताच संपूर्ण साखळी ठप्प कशी होते? आणि त्या अर्ध्या-पाऊण तासात वापरकर्त्याच्या व्यवहाराचे नेमके काय होते?

रोजकीर्द आणि खतावणी

उत्तरासाठी रोलअपची रचना समजून घ्यावी लागते. इथेरियम साधारण दर १२ सेकंदांनी एक ब्लॉक घडवते आणि जगभरातील हजारो संगणक तो तपासतात. या सामूहिक पडताळणीमुळे ती विश्वासार्ह आहे. पण त्याच कारणाने संथ आणि गर्दीच्या वेळी महागही आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये इथेरियमचे सहसंस्थापक विटालिक बुटेरिन यांनी रोलअपला केंद्रस्थानी ठेवणारा विकासमार्ग मांडला. सर्वसामान्य व्यवहार मुख्य साखळीबाहेर, ‘दुसऱ्या थरावर’ पार पाडायचे आणि त्यांची संक्षिप्त नोंद तेवढी मुख्य साखळीवर करायची, असा त्याचा गाभा होता. आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस, लिनिया या साखळ्या त्याच मार्गावरच्या.

जुन्या पेढीवर दिवसभराचे व्यवहार घडतील तसे रोजकीर्दीत लिहिले जात आणि मागाहून खतावणीत नेले जात. रोलअपमध्ये रोजकीर्द लिहिण्याचे काम सिक्वेन्सर करतो. वापरकर्त्याने स्वाक्षरी केलेला व्यवहार तो स्वीकारतो, कोणता आधी व कोणता नंतर हा क्रम लावतो आणि क्षणार्धात पोच देतो. त्यानंतर अनेक व्यवहारांची मोट बांधून ती इथेरियमवर नोंदवली जाते. १३ मार्च २०२४ रोजी झालेल्या ‘डेनकुन’ सुधारणेपासून ही नोंद ‘ब्लॉब’ नावाच्या स्वस्त जागेत करता येते.

यातील बारकावा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. वॉलेटमध्ये ‘व्यवहार पूर्ण’ असे दिसते, तेव्हा हाती असते ती केवळ सिक्वेन्सरची पोच. ऑप्टिमिझमच्या तांत्रिक परिभाषेत अशा ब्लॉकला चक्क ‘असुरक्षित’ म्हटले जाते. त्याची माहिती इथेरियमवर नोंदली गेली की तो ‘सुरक्षित’ होतो, आणि इथेरियमचा तो ब्लॉक अपरिवर्तनीय झाला की ‘अंतिम’. या शेवटच्या टप्प्यास सर्वसाधारणपणे १३ मिनिटे किंवा थोडा अधिक वेळ लागतो. एरवी या तीन अवस्थांमधील फरक कोणाला जाणवत नाही. सिक्वेन्सर बंद पडला की मात्र तोच कळीचा ठरतो.

सध्याच्या बहुतेक मोठ्या रोलअपमध्ये सिक्वेन्सर एकाच संस्थेच्या ताब्यात आहे. ही उणीव विकासकांनी लपवलेली नाही. अनेकांचे एकमत घडवण्याची गरज नसल्यानेच ही पोच इतक्या जलद मिळते, आणि आपण आरंभीच्या टप्प्यावर आहोत, असे त्यांचे सांगणे असते. हा आरंभीचा टप्पा बराच लांबला आहे, हेही खरे.

बिघाडाचे प्रकार

‘सिक्वेन्सर बंद’ या दोन शब्दांत निरनिराळ्या घटना सामावलेल्या असतात. आर्बिट्रमचा इतिहास त्याचा उत्तम नमुना ठरावा. ‘आर्बिट्रम वन’ ही साखळी ३१ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वांसाठी खुली झाली आणि अवघ्या दोन आठवड्यांत, १४ सप्टेंबरला, तिचा सिक्वेन्सर सुमारे ४५ मिनिटे बंद पडला. अल्पावधीत व्यवहारांचा प्रचंड लोंढा आल्याने ते घडले होते. ९ जानेवारी २०२२ रोजी मुख्य सिक्वेन्सरच्या यंत्रातच दोष उद्भवला आणि सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणाचे काम चालू असल्याने राखीव यंत्रणाही वेळेवर कामाला लागू शकली नाही. १५ डिसेंबर २०२३ रोजी भारतीय वेळेनुसार रात्री नऊच्या सुमारास ‘इन्स्क्रिप्शन’ प्रकारच्या नोंदींचा महापूर आला आणि साखळी ७८ मिनिटे अडली.

अशा थेट बंदमध्ये व्यक्तिगत व्यवहाराचे गणित तुलनेने सोपे असते. सिक्वेन्सरपर्यंत न पोहोचलेला व्यवहार घडलेलाच नसतो. त्यामुळे खात्यातून रक्कमही गेलेली नसते. वॉलेट एकतर त्रुटी दाखवते किंवा ‘प्रलंबित’ या शब्दावर थबकते. धोका असतो तो उतावळेपणाचा. इथेरियमच्या कुळातील प्रत्येक खात्याच्या व्यवहारांना ओळीने अनुक्रमांक असतो आणि एका अनुक्रमांकाचा एकच व्यवहार घडू शकतो. प्रलंबित व्यवहार त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवला तर दुहेरी खर्चाचा प्रश्न येत नाही. पण अधीर होऊन पुढच्या क्रमांकाचा दुसरा व्यवहार सही करून ठेवला, तर साखळी सुरू होताच दोन्ही पार पडू शकतात. टोकन अदलाबदलीच्या व्यवहारांत सहसा किमान अपेक्षित रक्कम आणि मुदत नमूद केलेली असते. मुदत उलटली असेल तर व्यवहार फेटाळला जातो, शुल्क तेवढे जाते. मुदत सैल ठेवली असेल, तर तासाभरापूर्वीच्या अटींवर तो बदललेल्या बाजारात पार पडण्याची शक्यता उरते.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. ७ जून २०२३ रोजी आर्बिट्रमवर व्यवहारांची मोट इथेरियमवर नेणाऱ्या घटकात सॉफ्टवेअरचा दोष निर्माण झाला. रोजकीर्द होती, पण खतावणीत नोंद होत नव्हती. दोष लवकरच दूर झाला. तथापि असा खोळंबा चालू असेपर्यंत पोच मिळालेले व्यवहार केवळ सिक्वेन्सरच्या शब्दावर उभे असतात. मोठ्या रकमा स्वीकारणारी बाजारपेठ किंवा दोन साखळ्यांमधील सेतू चालवणारी संस्था इथेरियमवरील नोंदीची वाट का पाहते, याचे कारण येथे सापडते.

बेससारख्या साखळ्यांत पुनरारंभाचा प्रकारही पाहण्याजोगा आहे. नियमाप्रमाणे दोन लागोपाठच्या ब्लॉकमध्ये नेमके २ सेकंदांचे अंतर असावेच लागते. त्यामुळे साखळी पूर्ववत झाल्यावर राहून गेलेले ब्लॉक मागील वेळांसह भराभर भरून काढावे लागतात. ३३ मिनिटांच्या बंदसाठी असे सुमारे ९९० ब्लॉक होतात. घड्याळ थांबले होते, ही गोष्ट नंतर साखळीचे ब्लॉक पाहणाऱ्याला त्यांच्या वेळांवरून उमगणारही नाही.

बाजूचा दरवाजा

सिक्वेन्सर बंद असला किंवा हेतुपुरस्सर एखाद्याचा व्यवहार नाकारत असला, तरी वापरकर्ता पूर्णपणे त्याच्या मर्जीवर राहू नये म्हणून रोलअपमध्ये बाजूचा एक दरवाजा ठेवलेला असतो. तो थेट इथेरियमवर उघडतो.

आर्बिट्रममध्ये त्यासाठी ‘विलंबित टपालपेटी’ आहे. वापरकर्ता आपला व्यवहार इथेरियमवरील एका स्मार्ट कॉन्ट्रॅक्टकडे सोपवतो. सिक्वेन्सर निरोगी असेल तर काही मिनिटांत तो पेटीतील व्यवहार आपल्या क्रमात घेतो. त्याने तसे केले नाही, तर २४ तास उलटल्यावर कोणीही व्यक्ती इथेरियमवर एक आदेश देऊन तो व्यवहार साखळीत सक्तीने समाविष्ट करू शकते. त्यासाठी सिक्वेन्सरची संमती लागत नाही.

ऑप्टिमिझम आणि बेस यांच्या रचनेत हीच हमी निराळ्या रीतीने दिलेली आहे. तेथे इथेरियमवरील ‘पोर्टल’कडे दिलेला व्यवहार साखळीच्या व्याख्येचाच भाग बनतो. सिक्वेन्सरने बांधलेली मोट इथेरियमवर नोंदवण्यासाठी १२ तासांची खिडकी असते. ती उलटली तर साखळीचे इतर संगणक वाट पाहत बसत नाहीत. पोर्टलमार्गे आलेले व्यवहार घेऊन ते स्वतःच नियमानुसार ब्लॉक सिद्ध करतात. सिक्वेन्सर कायमचा नाहीसा झाला तरी साखळी रखडत का होईना, पुढे सरकते.

मग ही मुदत २४ किंवा १२ तास का? दहा मिनिटे का नाही? वरवर पाहता ही दिरंगाई वाटते, पण तिच्यामागे तर्क आहे. सक्तीने घुसवलेला व्यवहार क्रम बदलतो. सिक्वेन्सरने ज्यांना पोच दिली आहे, पण ज्यांची नोंद इथेरियमवर झालेली नाही, अशा इतरांच्या व्यवहारांचे पाय त्यामुळे डळमळतात. ऑप्टिमिझममध्ये खिडकी उलटून गेली तर नोंद न झालेले ते सारे ब्लॉक बाद ठरतात. मुदत फार आखूड ठेवली तर किरकोळ बिघाडातही हजारो लोकांच्या ‘पूर्ण’ झालेल्या व्यवहारांवर पाणी पडेल. अभियंत्यांना झोपेतून उठून दुरुस्ती करण्याइतका अवधी द्यायचा, आणि नागरिकाला कायमचे कोंडून ठेवायचे नाही, या दोहोंमधील ही तडजोड आहे.

परिणामी एक विचित्र वस्तुस्थिती उरते. वर सांगितलेले आर्बिट्रम आणि बेसचे बंद या मुदतींच्या आतच संपले. म्हणजे नेहमीच्या बिघाडात बाजूचा दरवाजा उघडण्यापूर्वी मुख्य दरवाजाच उघडतो. ही तरतूद विलंबावरचा उपाय नाही. ती जप्तीवरचा आणि बहिष्कारावरचा उपाय आहे. तिची जाहिरात करताना हा भेद अनेकदा पुसट केला जातो.

व्यवहारात आणखी अडचणी आहेत. या मार्गाचे शुल्क मुख्य साखळीवर, तेथील इथरमध्ये भरावे लागते. ज्याने स्वस्ताईसाठी सारी शिल्लक दुसऱ्या थरावर नेली, त्याच्याकडे नेमके तेच नसते. सर्वसाधारण वॉलेटमध्ये ‘सक्तीने समाविष्ट करा’ असे बटण नसते. तांत्रिक साधने हाताळण्याची तयारी लागते. शिवाय हा हक्क स्वतःची खासगी किल्ली बाळगणाऱ्यालाच आहे. भारतातील अनेक गुंतवणूकदारांप्रमाणे ज्यांची मालमत्ता एखाद्या बाजारपेठेच्या खात्यात आहे, त्यांना हा दरवाजा दिसतही नाही. त्यांच्या वतीने बाजारपेठ काय करील तेवढेच.

पैसे मुख्य साखळीवर परत न्यायचे असतील तर सक्तीचा व्यवहार ही केवळ पहिली पायरी असते. आशावादी म्हणवल्या जाणाऱ्या रोलअपमध्ये त्यानंतर सुमारे सात दिवसांचा आक्षेपकाळ असतो, आणि साखळीची स्थिती इथेरियमवर मांडणारा कोणीतरी असावा लागतो. पूर्वी हे काम ठरावीक संस्थांच्याच हाती होते. ऑप्टिमिझमने जून २०२४ मध्ये आणि आर्बिट्रमने फेब्रुवारी २०२५ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. तोपर्यंत बाजूचा दरवाजा होता, पण त्यापुढच्या फाटकाची किल्ली दुसऱ्याकडे होती.

तारणावरची टांगती तलवार

सिक्वेन्सरच्या बंदचा सर्वाधिक फटका बसण्याची शक्यता असते ती कर्जदारांना. समजा, एकाने १ लाख रुपयांच्या किमतीचे इथर तारण ठेवून ६५ हजारांचे कर्ज घेतले आहे आणि कर्ज तारणमूल्याच्या ८० टक्क्यांवर गेले की तारणाची विक्री होते, असा नियम आहे. बाजार कोसळून तारणाचे मूल्य ८० हजारांवर आले तर कर्जाचे प्रमाण ८१ टक्क्यांवर जाते. एरवी भाव घसरताना पाहून कर्जदाराने थोडी भर घातली असती. पण साखळीच बंद असेल तर जगातील भाव हलत राहतात आणि त्याचे हात बांधलेले असतात. साखळी सुरू होताच नवा भाव एकदम नोंदला जातो. त्याच क्षणी तारण सवलतीच्या दराने उचलण्यासाठी टपून बसलेले स्वयंचलित प्रोग्राम धावून येतात. मनुष्याला वॉलेट उघडायला लागणाऱ्या वेळात सारे आटोपलेले असते.

यात ना चोरी असते, ना संगणकीय दोष. प्रत्येक कॉन्ट्रॅक्ट लिहिल्याबरहुकूम चालते. तरीही हे न्याय्य म्हणता येत नाही. त्यावर तोड म्हणून भावांची माहिती पुरवणाऱ्या चेनलिंक या सेवेने सिक्वेन्सर चालू आहे की बंद, हे सांगणारी स्वतंत्र सूचना उपलब्ध करून दिली. कर्ज देणाऱ्या कॉन्ट्रॅक्टने आधी ती पाहावी आणि सिक्वेन्सर नुकताच सुरू झाला असेल तर काही काळ थांबावे, अशी अपेक्षा असते. चेनलिंकच्या नमुना कोडमध्ये हा सवलतीचा काळ ३,६०० सेकंद, म्हणजे एक तास धरला आहे. आवे या कर्जमंचाच्या तिसऱ्या आवृत्तीत असा पहारेकरी अंतर्भूत आहे. सवलतीच्या काळात नवे कर्ज दिले जात नाही आणि काठावरच्या कर्जदाराचे तारण विकले जात नाही. मात्र ज्याचे कर्ज फारच ढासळले आहे त्याला ही मुभा नाही, कारण तेथे ठेवीदारांचे पैसे बुडण्याचा धोका असतो.

हे संरक्षण साखळीकडून आपोआप मिळत नाही. ते प्रत्येक मंचाने आपल्या कोडमध्ये स्वतः लिहावे लागते. एकाच साखळीवरील दोन कर्जमंचांपैकी एकावर कर्जदार वाचतो आणि दुसऱ्यावर बुडतो, असे घडू शकते.

मुद्दाम थांबवलेली साखळी

२ जून २०२४ रोजी कन्सेन्सिस या कंपनीच्या लिनिया साखळीवर ब्लॉक घडणे थांबले, ते बिघाडामुळे नव्हे. व्हेलोकोर या विकेंद्रित बाजारपेठेवर हल्ला होऊन लाखो डॉलरचे इथर चोरीला गेले होते आणि चोराला उरलेली रक्कम बाहेर नेता येऊ नये म्हणून चालकांनी सिक्वेन्सर थांबवला. पुढील नुकसान टळावे हा हेतू स्वाभाविक होता. पण चोरासोबत त्या साखळीवरील प्रत्येक निरपराध वापरकर्ताही तितकाच काळ अडकला, आणि एक कंपनी आपल्या निर्णयाने संपूर्ण साखळी थांबवू शकते, ही गोष्ट उघड झाली. त्यावरून टीकाही झाली.

उलट बाजू जानेवारी २०२५ मध्ये दिसली. जपानच्या सोनी समूहाने सुरू केलेल्या सोनियम या साखळीवर बौद्धिक संपदेच्या कारणास्तव काही मीम नाण्यांचे व्यवहार अडवण्यात आले. ती साखळी ऑप्टिमिझमच्या रचनेवर उभी असल्याने इथेरियममार्गे व्यवहार सादर करून ही अडवणूक ओलांडता येते, हे जाणकारांनी लगोलग दाखवून दिले. सिक्वेन्सर चालू, पण नकार देणारा. अशा प्रसंगी बाजूचा दरवाजा खरोखर कामी येतो.

सर्व रोलअपमध्ये मात्र हा दरवाजा सारखा नाही. भारतीय संस्थापकांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पॉलिगॉनची ‘झेडके-ईव्हीएम’ साखळी मार्च २०२४ मध्ये दहा तासांहून अधिक काळ बंद होती. इथेरियमवरील ब्लॉकच्या क्रमात झालेल्या फेरबदलाने तिचा सिक्वेन्सर गोंधळला होता. गणिती पुराव्यावर चालणाऱ्या अशा साखळ्यांत खोटी नोंद शिरकाव करू शकत नाही, पण पुरावा सिद्ध करणाराच थांबला तर खरी नोंदही पुढे सरकत नाही. एखाद्या रोलअपमध्ये चालकाच्या मदतीविना बाहेर पडता येते की नाही, याची छाननी करून ‘एल२बीट’ हे संकेतस्थळ रोलअपना शून्य, एक आणि दोन अशा टप्प्यांत बसवते. साखळीचे नाव किती मोठे आहे यापेक्षा तो टप्पा पाहणे अधिक उपयुक्त.

एकाच सिक्वेन्सरवरचे अवलंबित्व कमी करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. त्यांतील सर्वांत मूलगामी कल्पना इथेरियम प्रतिष्ठानचे संशोधक जस्टिन ड्रेक यांनी मार्च २०२३ मध्ये मांडली. स्वतंत्र सिक्वेन्सर ठेवायचाच नाही. इथेरियमचे ब्लॉक घडवणाऱ्यांनीच रोलअपचाही क्रम लावायचा, असे तिचे स्वरूप आहे. मुख्य साखळी चालू असेपर्यंत अशी रोलअप बंद पडण्याचे कारण उरत नाही. मे २०२४ मध्ये सुरू झालेली ताइको ही साखळी याच कल्पनेतून जन्मली. किंमत आहे ती वेगाची. पोच मिळण्यासाठी इथेरियमच्या १२ सेकंदांची वाट पाहावी लागते आणि ती टाळायची तर आगाऊ हमी देणारे मध्यस्थ पुन्हा नेमावे लागतात. असे हमीदार किती असावेत, त्यांना कोणी निवडावे आणि शब्द मोडल्यास त्यांची किती अनामत जप्त व्हावी, यावर सध्या काम चालू आहे.